गाडीला मी झोपलेला दिसलो

सकाळचे साडेनऊ वाजले होते. दोनदा चहा घेऊन मी घरून निघालो होतो. शेजारी मुलगी बसली होती आणि पुढे लोखंडी सळया लादलेला एक टेम्पो चालला होता. सळयांची टोकं मागे हातभर बाहेर आली होती आणि प्रत्येक खड्ड्याला वरखाली होत होती. ती बघत मी मुद्दाम अंतर ठेवून चाललो होतो. तेवढ्यात गाडीने टिंग टिंग टिंग असा आवाज केला आणि मीटरच्या पडद्यावर वाफाळत्या कपाचं चित्र आलं. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: चालक थकलेला दिसतो आहे, विश्रांती घ्यावी.

मुलीने वळून माझ्याकडे बघितलं.

"पप्पा, डोळा लागला का तुमचा?"

"मी बोलतोय ना तुझ्याशी?"

"आत्ता बोलताय. मघापासून गप्प होतात."

"सळया बघत होतो."

पुढचा सगळा रस्ता ती मोबाइल बाजूला ठेवून माझ्याकडेच लक्ष देऊन बसली. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत तिच्या कंपनीच्या गेटवर उतरताना म्हणाली, "घरी सावकाश जा. झोप आली तर बाजूला घ्या."

गाडी तिचीच. घेऊन महिनाही झाला नव्हता. ती एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत आहे आणि आम्ही बदलापूर पूर्वेला शिरगावात राहतो. तिला गाडी चांगली चालवता येते, पण मी नुकताच रिटायर झालो होतो आणि सकाळी अंगात कामावर जायची सवय शिल्लक होती. म्हणून सकाळी तिला सोडायचं आणि संध्याकाळी आणायचं काम मी मागून घेतलं होतं. गाडी नव्या पद्धतीची होती. पुढचं वाहन जवळ आलं की स्वतःच ब्रेक लावायची, रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की स्टिअरिंग थरथरवायची, आणि चालकाच्या तोंडावर लक्ष ठेवायची. त्यासाठी स्टिअरिंगच्या मागे, मीटरच्या वर, बोटाच्या पेराएवढा काळा कॅमेरा बसवलेला होता. शोरूममधल्या माणसाने तो दाखवला तेव्हा मी खुश झालो होतो. मला अशा गोष्टी आवडतात. मी आयुष्यभर कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. बॉयलरवरचे प्रेशर गेज, टाक्यांमधली पातळी सांगणारे स्विच, तापमान मोजणाऱ्या नळ्या, हे सगळं खरं सांगतंय की नाही ते तपासायचं, हे माझं काम.

त्या आठवड्यात कप अकरा वेळा आला.

आता डोळ्याचं सांगायला हवं. माझी उजवी पापणी जन्मापासून अर्धी खाली आहे. आई सांगायची, बाळ म्हणून हातात घेतलं तेव्हाच एक डोळा पूर्ण उघडा आणि एक झोपेतला होता. दिसायला त्या डोळ्याने नीट दिसतं. अंबरनाथच्या डॉक्टरांनी माझ्या तरुणपणीच तपासून सांगितलं होतं की नजर चांगली आहे, ऑपरेशन करायचं तर करा, नाही केलं तरी चालेल. मी नाही केलं. पण ही पापणी माझ्याआधी लोकांशी बोलते. शाळेत मास्तर दर दोन दिवसांनी मला उभं करून विचारायचे, "मी शेवटचं वाक्य काय बोललो, सांग." मी सांगायचो. रोज सांगावं लागायचं म्हणून मला सवयच लागली. आजही समोरच्याचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात तसंच्या तसं राहतं. मी बघायला गेलो त्या दिवसाबद्दल बायको म्हणते, "मला वाटलं, ह्यांना मी पसंत नाही. जांभई तेवढी द्यायची बाकी आहे." आणि कारखान्यात नवीन शिफ्ट इन्चार्ज आला तेव्हा त्याने चौथ्याच दिवशी मला मेमो दिला. 'ड्यूटीवर झोपलेले आढळले.' मी त्या वेळी रजिस्टरमध्ये रीडिंग लिहीत होतो. खाली बघताना दोन्ही पापण्या खाली येतात, आणि माझी उजवी तर पार मिटल्यासारखी दिसते. मी मॅनेजरसमोर रजिस्टर ठेवलं, दर अर्ध्या तासाची नोंद माझ्या अक्षरात होती. त्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं, उजेडात माझा डोळा बघितला, "हं," म्हणाले आणि मेमो मागे घेतला. इन्चार्ज मात्र माझ्याशी पुढे दोन वर्षं जरा मोठ्याने बोलायचा.

म्हणजे झोपलेला समजलं जाणं मला नवं नव्हतं. माणसांना मी डोळ्याकडे बोट दाखवून सांगायचो, ते बघायचे, ओशाळायचे आणि प्रश्न मिटायचा. गाडीला कसं सांगणार?

आम्ही ती उल्हासनगरला सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथल्या ॲडव्हायझरने लॅपटॉप जोडला, दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "अंकल, फॉल्ट कोड काहीच नाही. सिस्टिम एकदम ओके आहे."

"मग कप का येतो?"

"सिस्टिमला वाटत असेल, तुम्हाला रेस्ट पाहिजे."

"मला नको आहे रेस्ट."

"तसं नाही अंकल. एज झाली की होतं थोडं. माझे डॅडी पण टीव्हीसमोर झोपतात, उठवलं तर बोलतात, मी कुठे झोपलो?"

तो स्वतः गाडी घेऊन एक चक्कर मारून आला. कप आला नाही. त्याने कागदावर 'दोष आढळला नाही' लिहिलं आणि किल्ली दिली. मुलगी रागावली. राग मलाही आला होता, पण अंबरनाथ येईपर्यंत तो उतरला, कारण मी विचार करत होतो. त्याने चालवली तेव्हा कप आला नाही. मुलगी चालवते तेव्हाही येत नाही. माझ्यावर येतो, पण सतत येत नाही. पापणी तर चोवीस तास खाली असते. मग कधी येतो आणि कधी येत नाही, ह्याला काहीतरी कारण असणार. चुकीचं रीडिंग देणारं गेजसुद्धा काहीतरी बघूनच चुकतं. ते काय बघतंय हे शोधण्यात माझं आयुष्य गेलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला दुसऱ्या दिवसाची सकाळ कधी होते असं झालं.

मी एक वही केली. मुलगी शेजारी बसून लिहायची: वेळ, जागा, ऊन कुठून येतंय, मी कुठे बघत होतो. पहिले काही दिवस मी उन्हाच्या मागे लागलो. बदलापूरहून अंबरनाथकडे जाताना सकाळचं ऊन उजव्या खिडकीतून येतं. संध्याकाळी परत येताना सूर्य पश्चिमेला गेलेला असतो, पण आपणही उलटे फिरलेलो असतो, त्यामुळे ऊन पुन्हा उजव्याच खिडकीतून. दोन्ही वेळा माझ्या उजव्या डोळ्यावर. मला वाटलं, सापडलं. पण नंतर दोन दिवस आभाळ भरून आलेलं होतं आणि त्या दोन दिवसांत कप पाच वेळा आला. ऊन बाद.

खरं कारण मुलीच्या लक्षात आलं. ती वही चाळत होती.

"पप्पा, हे बघा. 'डावा आरसा.' 'डावा आरसा.' 'डावीकडून रिक्षा.' 'डावा आरसा, शाळेची बस.' सगळीकडे तुम्ही डावीकडेच बघताय."

मी गाडी बंद करून, तशीच उभी ठेवून, स्टिअरिंगवर बसलो आणि डाव्या आरशात बघितलं. मुलीने मोबाइल कॅमेऱ्याच्या जागी धरून माझा फोटो काढला. फोटोत मान डावीकडे वळलेली होती, डावा डोळा नाकाच्या आड गेला होता आणि कॅमेऱ्याच्या समोर राहिला होता फक्त उजवा. आपल्याकडे डावीकडून कोण घुसेल त्याचा नेम नसतो, त्यामुळे मी आरशात जरा जास्तच वेळ बघतो. म्हणजे मी जेव्हा सगळ्यात जास्त जागा असायचो, नेमका तेव्हाच मी गाडीला झोपलेला दिसत होतो.

मला इतका आनंद झाला की मी तो फोटो बायकोला दाखवायला वर धावलो. ती भाजी चिरत होती. फोटो बघून म्हणाली, "अहो, ह्यात तुम्ही खरंच झोपल्यासारखे दिसताय."

पण हा अंदाज होता. अंदाज तपासायला हवा. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी असते, कंपन्या बंद, रस्ते मोकळे. मुलीने त्या शुक्रवारी मला अर्धा दिवस दिला. औषधाच्या दुकानातून मी जखमेवर लावायची कागदी चिकटपट्टी आणली. तिचा एक तुकडा उजव्या पापणीला लावून कपाळापर्यंत ओढून चिकटवला. डोळा पूर्ण उघडला. आरशात बघितलं तर कुणीतरी दुसराच माणूस आश्चर्याने माझ्याकडे बघत होता. तसं मी आनंदनगरच्या सरळ रस्त्यांवर चाळीस मिनिटं गाडी फिरवली, मिनिटामिनिटाला डाव्या आरशात बघितलं. कप एकदाही आला नाही. पापणीवरून पट्टी सोडवली. सातव्या मिनिटाला टिंग टिंग टिंग.

"आता तू," मी मुलीला म्हणालो.

"माझा डोळा चांगला आहे."

"म्हणूनच."

मी तिची उजवी पापणी पट्टीने अर्धी खाली चिकटवली. ती चालवायला बसली, मी शेजारी बसून रस्त्यावर नजर ठेवली. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा, बाराव्या मिनिटाला, गाडी तिला म्हणाली की विश्रांती घ्या. ती इतक्या जोरात हसली की तिला गाडी बाजूला घ्यावी लागली.

तिथे एका बंद कंपनीच्या गेटवरचा वॉचमन मघापासून आम्हाला बघत होता. तो काठी घेऊन आला. गाडीत एक म्हातारा, कपाळावर लोंबणारी पट्टी, आणि एक मुलगी, डोळ्याला पट्टी लावून हसणारी.

"क्या हो गया? झगडा हुआ क्या?"

"नहीं भैया, टेस्टिंग चालू है," मी म्हणालो.

"आँख का?"

"गाडी का."

त्याने गाडीकडे बघितलं, मग पुन्हा माझ्या डोळ्याकडे. "गाडी को क्या दिखता नहीं है?"

मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, त्याला रात्रपाळीला झोप येते तेव्हा त्याच्या खुर्चीला असं काही बसवता येईल का. मग लगेच म्हणाला, "नहीं, रहने दो. सुपरवाइजर को पता चल जाएगा."

मी दोन पानांचा रिपोर्ट लिहिला, नोकरीत लिहायचो तसाच. काय दिसलं, कधी दिसलं, काय करून बघितलं, काय निष्पन्न झालं. मुलीने तो इंग्रजीत करून फोटोंसकट कंपनीला ईमेल केला. महिनाभर काही आलं नाही. मग एका दुपारी पुण्याहून फोन आला. बोलणारी बाई म्हणाली की ती ह्या कॅमेऱ्याच्या सिस्टिमवर काम करणारी इंजिनिअर आहे, तिने रिपोर्ट दोनदा वाचला आणि तिला मला भेटायचंय.

ती शनिवारी आली. तिशीच्या आसपासची, पाठीला मोठी सॅक, पायात बूट. घरात पाणी प्यायली आणि म्हणाली, "काका, आधी गाडीत बसूया का? चहा नंतर." मला ती तिथेच आवडली.

तिने गाडीला वायर जोडली आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "हे बघा, गाडीला तुम्ही असे दिसता."

काळ्यापांढऱ्या चित्रात माझा चेहरा होता. डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकून कॅमेरा तो बघतो, म्हणून कातडी राखेसारखी आणि डोळ्यांची बुबुळं चमकणारी. चेहऱ्यावर हिरवे ठिपके, दोन्ही डोळ्यांच्या कडेने ठिपक्यांची माळ. खाली दोन आकडे सतत हलत होते, डावा डोळा किती उघडा, उजवा किती उघडा. मी पापणी मिटली की आकडा पडायचा. उजव्याचा आकडा मुळातच डाव्याच्या निम्मा. मी मान हळूहळू डावीकडे वळवली. एका जागी डाव्या डोळ्याचे ठिपके नाहीसे झाले आणि गाडी फक्त उजव्याचा आकडा धरून बसली. तो आकडा थोडा वेळ तसाच राहिला की टिंग टिंग टिंग.

मी हे सहा-सात वेळा केलं. ती करू देत होती.

"तुमच्या चाचणीत अशा डोळ्याचा कुणी नव्हता का?" मी विचारलं.

"होते, खूप लोक होते. चष्म्याचे, काजळ घालणारे, दाढीवाले. असा एकच डोळा अर्धा मिटलेला," ती थांबली, "नव्हता, काका. मी यायच्या आधी यादी बघून आले."

तिने सरळ सांगितलं म्हणून मला बरं वाटलं. तिला माझ्या चेहऱ्याचं रेकॉर्डिंग हवं होतं, वेगवेगळ्या उजेडात, वेगवेगळीकडे बघताना. कशासाठी वापरणार ते तिने नीट समजावलं, कागदावर सही घेतली. दोन तास मी ती सांगेल तिकडे बघत बसलो. आयुष्यात इतका वेळ कुणी माझा डोळा असा निवांत बघितला नव्हता. लोक एकदा बघतात आणि नजर दुसरीकडे नेतात. ही मात्र मध्येच म्हणायची, "थांबा, काय मस्त दिसतंय हे," आणि काहीतरी लिहून घ्यायची.

शेवटी तिने विचारलं, "काका, तुम्ही हनुवटी नेहमी वर धरता का?"

"नाही तर."

"धरता. कॅमेऱ्यात बाकी लोकांपेक्षा तुमचं डोकं थोडं मागे कललेलं येतं. पापणीच्या खालून बघायला सोपं जावं म्हणून होत असेल."

ती गेल्यावर मी कपाटातले जुने फोटो काढले. लग्नातला, कारखान्याच्या गेटवरचा, विहाराच्या पायरीवर सगळ्या शेजाऱ्यांबरोबरचा, मुलीच्या पदवीचा. प्रत्येक फोटोत माझी हनुवटी वर. एकसष्ट वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मी बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "तुमची भावजय पहिल्यापासून म्हणते, भावोजींना फार ताठा आहे. मी भांडले होते तिच्याशी त्यावरून." मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगून तुम्ही काय मान कापणार होतात?"

पंधरा दिवसांनी इंजिनिअरचा पुन्हा फोन आला. तुमच्या त्या मोकळ्या रस्त्यांवर येऊ का, आणि बरोबर आणखी एकांना आणू का, उल्हासनगरच्या आहेत, त्यांनी परवानगी दिली आहे. मी म्हटलं, शुक्रवारी या.

त्या बाई सिंधी होत्या, शाळेत हिंदी शिकवून रिटायर झालेल्या, माझ्याच वयाच्या. पांढरा पंजाबी ड्रेस, पायात साध्या चपला. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू काही वर्षांपूर्वी लुळी पडली होती, बरीचशी परत आली होती, पण डावा डोळा पूर्ण मिटत नव्हता. हसल्या की अर्धा चेहरा हसायचा आणि तो डोळा तसाच गोल राहायचा.

"नमस्ते अदा," त्या म्हणाल्या. मग स्वतःच सांगितलं, "आमच्यात भावाला अदा बोलतात."

"तुम्हाला पण कप दाखवते का?"

"कप? मला तर ती कधीच काही नाही बोलली. तीच तर गडबड आहे."

त्यांचं असं झालं होतं. कर्जतला नात्यात लग्न होतं. दुपारचं जेवण करून एकट्या परत येत होत्या. रस्ता सरळ, गाडीत गारवा. "मी झोपली, अदा. खरंच झोपली. आवाज आला तेव्हा गाडी डिव्हायडरवर चढलेली होती. माझं नशीब, बाजूला कोणी नव्हतं." कुणाला लागलं नाही, पुढचं चाक वाकडं झालं. घरी येऊन त्यांना भीतीपेक्षा नवल जास्त वाटलं. गाडी विकणाऱ्याने सांगितलं होतं की डोळा लागला तर ती उठवेल. मग उठवलं का नाही? त्यांनीही कंपनीला लिहिलं. उघडा राहणारा डोळा कॅमेऱ्याला दिसत होता आणि गाडी निवांत होती.

आम्ही एमआयडीसीतल्या चहाच्या टपरीवर बसलो. शुक्रवार असूनही तेवढी एक चालू होती. इंजिनिअर गाडीत काहीतरी जुळवत होती. मी त्या बाईंना इतके प्रश्न विचारले की नंतर मलाच लाज वाटली. डोळा कोरडा पडतो का? पडतो, दर दोन तासांनी थेंब घालायचे. वारा लागला की? पाणी येतं, लोकांना वाटतं रडते. आणि झोपताना?

"झोपताना चिकटपट्टी लावते. वरून खाली ओढून," त्यांनी हाताने दाखवलं. "नाहीतर पंख्याची हवा जाते."

मी माझ्या पट्टीचं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. "म्हणजे तुमची खालून वर आणि माझी वरून खाली!" टपरीवाला आमच्याकडे बघत राहिला.

नंतर त्यांनी विचारलं, "वर्गात मुलं झोपायची, तेव्हा मी पण डोळे बघूनच खडू मारायची. तुमच्यासारखा कोणी असेल काय त्यात?"

मी म्हणालो, असेलही. मी मास्तरांची गोष्ट सांगितली नाही.

इंजिनिअरने आम्हाला बोलावलं. तिने गाडीत नवीन प्रोग्राम टाकला होता. आधी गाडी ज्या डोळ्याचं चित्र स्पष्ट दिसेल त्याच्यावर विसंबून राहायची. आता ती सुरुवातीची काही मिनिटं दोन्ही डोळे वेगवेगळे शिकून घेणार होती, प्रत्येकाचा नेहमीचा आकडा किती, कोणता हलतो, कोणता हलत नाही. माझा उजवा अर्धा आहे तर अर्धा हेच त्याचं पूर्ण. बाईंचा डावा मिटतच नाही तर तो मोजायचाच नाही.

मी चालवली. डाव्या आरशात मन भरेपर्यंत बघितलं. कप नाही. अर्धा तास झाला, कप नाही. इंजिनिअरने मागच्या सीटवरून टाळी वाजवली. मुलगीही तिच्या शेजारी होती, तीही वाजवायला लागली.

"थांबा," मी म्हणालो. "गप्प आहे, पण चांगली आहे म्हणून गप्प आहे की मेली आहे म्हणून, हे कसं कळणार?"

कारखान्यात कुठलाही अलार्म दुरुस्त केल्यावर आम्ही तो मुद्दाम वाजवून बघायचो. टाकी भरलेली नसताना भरल्यासारखं भासवायचं, आणि भोंगा वाजला तरच सही करायची. इंजिनिअर म्हणाली की पुण्याला त्यांच्या मोकळ्या ट्रॅकवर झालंय सगळं. मी म्हणालो, माझ्या डोळ्यावर झालंय का? ती म्हणाली, नाही.

मग आम्ही केलं. रस्ता दोन्ही टोकांपर्यंत रिकामा होता. मुलगी शेजारी येऊन बसली, हात हँडब्रेकच्या बटणापाशी. मी वेग सिस्टिम चालू राहायला जेमतेम लागतो तेवढा ठेवला आणि दोन्ही पापण्या खाली आणल्या, एवढ्याच की फटीतून रस्ता दिसत राहील. एक, दोन, तीन... मुलगी मोजत होती. टिंग टिंग टिंग. तो आवाज ऐकून मला एवढं बरं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग बाईंनी चालवली. त्यांनी फक्त उजवा डोळा बारीक केला, डावा त्यांच्याच्याने होत नव्हता. मी शेजारी बसून रस्ता बघत होतो. गाडी थोडा वेळ गप्प राहिली. बाई पुटपुटल्या, "बोल ना आता." आणि ती बोलली.

पुढे काही आठवड्यांनी तो प्रोग्राम आमच्या दोघांच्या गाड्यांत रीतसर आला. बाकीच्यांच्या गाड्यांत कधी येणार ते इंजिनिअरला सांगता आलं नाही. अजून बऱ्याच चाचण्या बाकी आहेत म्हणाली, आणि मला ते पटलं. दोन माणसांवरून सगळ्यांचं ठरवता येत नाही. तिने पुण्यात एका काचेच्या डोळ्याच्या गृहस्थांना गाठलंय, आणि एका बाईंना, ज्यांच्या दोन्ही पापण्या बोलताना फडफडतात. मी तिला दर वेळी विचारतो, त्यांचे आकडे कसे येतात? ती नावं सांगत नाही, पण आकडे सांगते.

बाईंची आणि आमची ओळख राहिली. त्यांची बहीण बदलापूर गावात राहते, तिच्याकडे आल्या की आमच्याकडे चहाला येतात आणि बायकोशी सिंधी कढीवर बोलत बसतात. परवा त्यांचा फोन आला.

"अदा, आज ती बोलली."

"कप?"

"हां. बहिणीकडून येत होती, अंबरनाथच्या पुढे. मला वाटलं खोटं बोलते. मग विचार केला, सकाळी चारला उठली होती मी. बाजूला घेतली, सीट मागे केली. पाऊण तास झोपली, अदा."

"म्हणजे खरं बोलली."

"एकदम खरं. तुम्हाला आली का अजून, खरी झोप, गाडीत?"

"नाही," मी म्हणालो. "आली की कळवतो."